ट्रफलसाठी जमीन तयार करताना: आधी माती, मग झाड

रानजाई | ३ मार्च, रात्री १०:१५

संगमनेरजवळ आमची सहा एकर जमीन होती. त्यातली दोन एकर चुनखडीची. मोसंबीला दरवर्षी केवडा पडायचा, पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. बाबा हिराकस टाकायचे, शेणखत टाकायचे, आणि संध्याकाळी बांधावर बसून म्हणायचे, "या चुन्यानं खाल्लं आपल्याला." आता मी पश्चिम ऑस्ट्रेलियात मंजिमपजवळ राहते आणि तोच चुना, म्हणजे दळलेली चुनखडी, ट्रकनं विकत आणून मातीत मिसळते. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

हा सगळा खटाटोप ट्रफलसाठी. हे जमिनीखाली वाढणारं काळं, सुवासिक कवक. आम्ही लावतो ते फ्रान्सचं काळं ट्रफल, ट्युबर मेलानोस्पोरम. ते ओक किंवा हेझलच्या (हेझलनटच्या झाडाच्या) मुळांवर राहतं. फ्रान्स, स्पेन, इटलीत ते चुनखडीच्या डोंगराळ जमिनीत आपोआप येतं. त्याला सामू (पीएच; ७ च्या खाली माती आंबट, वर चुन्याची) ७.५ ते ८.३ लागतो, ७.९ च्या आसपास असेल तर उत्तम. आमच्या इथली माती मात्र लाल, खड्यांची, कोकणातल्या जांभ्याची आठवण करून देणारी. पहिल्या तपासणीत सामू आला ५.६.

मला या धाग्यात एकच गोष्ट सांगायची आहे. झाडं लावण्याआधी जमिनीला पूर्ण एक वर्ष द्या, जमलं तर दीड. ट्रफलच्या बागेत माती दुरुस्त करायची संधी एकदाच मिळते. रोपं लागली की त्यांची मुळं आणि मुळांवरचं कवक वरच्या वीस-तीस सेंटिमीटरमध्येच पसरतं. मग तिथं रोटाव्हेटर घालता येत नाही. वरून टाकलेला चुना वर्षाला जेमतेम एखाद-दोन सेंटिमीटर खाली सरकतो. म्हणजे लावणीनंतर सुधारू म्हटलं तर दहा वर्षं हातातून गेली.

हे मी नुकसान सोसून शिकले. पहिल्या तुकड्यात आम्ही १२० हेझल लावली. मार्चमध्ये चुना पसरला, एक हलकी पाळी घातली आणि सप्टेंबरात रोपं लावली. रोपवाटिकेतून आलेली रोपं चांगली होती, मुळांवर ट्रफल होतं. तीन वर्षांनी मुळांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर निम्म्याहून जास्त झाडांवर दुसरीच कवकं. माती थराथरानं तपासली. वरचे पाच सेंटिमीटर सामू ८, पंधरा सेंटिमीटरवर ६. चुना वरच बसला होता आणि मुळं खाली आंबट मातीत गेली होती.

दुसऱ्या दीड हेक्टरला आम्ही घाई केली नाही. तिथं काय केलं ते लिहिते.

आधी एक मीटर खोल खड्डे घेतले, दीड हेक्टरात सहा. प्रत्येकात पाणी भरून रात्रभर ठेवलं. पाच खड्डे सकाळी कोरडे होते. सहाव्यात पाणी तसंच, आणि बाजूच्या मातीत राखाडी-पिवळे डाग. तो कोपरा आम्ही सोडून दिला. ट्रफलला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, आणि चुना घालून निचरा सुधारत नाही.

मग उन्हाळ्याच्या शेवटी (इथं तो मार्चच्या सुमाराला संपतो), माती कोरडी असताना, सबसॉयलरनं, म्हणजे खोल फाळाच्या नांगरानं, ४० सेंटिमीटरपर्यंत फाडली. पूर्वी इथं मेंढ्या चरायच्या, त्यामुळे वरचा थर तुडवून घट्ट झाला होता. त्यानंतर निम्मा चुना, नांगरट, उरलेला निम्मा चुना, रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या उभ्या-आडव्या. हेक्टरी ६० टन. पावसाआधी ओट पेरला आणि फुलोऱ्यात येताच गाडला. सहा महिन्यांनी सामू ७.२. पुढच्या मार्चमध्ये हेक्टरी आणखी १५ टन, पुन्हा पाळी. सप्टेंबरात ७.८. ऑक्टोबरमध्ये रोपं लागली.

आता तिसरा तुकडा तयार करायचा आहे. कुणाचे अनुभव असतील तर सांगा, प्रश्न असतील तर विचारा.

सुगरण_ठाणे | ३ मार्च, रात्री ११:०२

रानजाई, फार छान लिहिलंस. एक अगदी प्राथमिक प्रश्न. आपल्याकडे धिंगरी अळंबी पिशवीत भुशावर घेतात तसं हे बियाणं मातीत पेरता येत नाही का? झाड कशाला मध्ये?

वाफसा | ४ मार्च, सकाळी ७:२०

सुगरणताई, प्रश्न प्राथमिक असला तरी सगळं त्यावरच उभं आहे. धिंगरी भुसा कुजवून जगते. ट्रफलला ते जमत नाही. त्याला साखर झाडाकडून मिळते आणि बदल्यात ते झाडाला पाणी, स्फुरद, इतर अन्नद्रव्यं आणून देतं. कोवळ्या मुळाच्या टोकावर ते मोज्यासारखं चढतं. म्हणून रोपवाटिकेतच निर्जंतुक मातीत रोपाच्या मुळांवर ट्रफलचे बीजाणू लावतात आणि तसं तयार रोप शेतात येतं. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात ही पद्धत बसली, त्याआधी नुसती ओकची फळं पेरून वाट बघायचे.

इथं एक घोटाळा टाळा. आपल्या कृषी सेवा केंद्रात "मायकोरायझा" नावानं जे पाकीट मिळतं ते वेगळं. ते ऊस, डाळिंब, द्राक्ष यांच्या मुळांच्या आत शिरणारं कवक आहे. ओक-हेझलच्या मुळांवर बाहेरून आवरण करणारं कवक निराळं. ते पाकीट ट्रफलच्या बागेत टाकून काही मिळणार नाही.

रानजाईताई, मी चाळीस वर्षं माती तपासणीत काढली. तुम्ही सामूचे आकडे दिलेत, पण कशात मोजलेले? आपल्याकडे एक भाग माती, अडीच भाग पाणी अशी रीत. ऑस्ट्रेलियात बहुधा एकास पाच, आणि बऱ्याच प्रयोगशाळा पाण्याऐवजी कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात मोजतात. त्यात आकडा अर्ध्या ते पाऊण अंकानं कमी येतो.

रानजाई | ४ मार्च, दुपारी १:४०

काका, नेमकं तिथंच आमचं दुसरं चुकलं होतं. वर दिलेले आकडे सगळे पाण्यातले आहेत. पण पहिल्या तुकड्याच्या वेळी एका प्रयोगशाळेचा अहवाल आला, सामू ७.२. आम्ही घाबरलो, ७.९ हवा होता. एका कोपऱ्यात अजून चुना ओतला. नंतर नीट वाचलं तर आकडा कॅल्शियम क्लोराइडमधला होता, पाण्यात तो ७.८-७.९ च भरला असता. गरज नसताना टाकलेल्या त्या चुन्यानं त्या कोपऱ्यातल्या हेझलला केवडा आला. बाबांच्या मोसंबीसारखीच पानं. ती पानं बघून मी तिथंच बसून राहिले होते.

त्यामुळे अहवाल हातात आला की आधी "कशात मोजलं" हे बघायचं आणि दरवेळी एकाच प्रयोगशाळेत एकाच पद्धतीनं मोजायचं.

कॅनबेराकर | ५ मार्च, सकाळी ६:५५

रानजाई, आमची बाग कॅनबेराजवळ, नववं वर्ष चालू आहे. चुन्याच्या आकड्यांनी नवीन माणूस दचकतो, म्हणून हिशेब मांडतो. एक हेक्टर, २० सेंटिमीटर खोली, म्हणजे २,००० घनमीटर माती. घनता १.३ धरली तर २,६०० टन. त्यात एक टक्का चुना मिसळायचा तर २६ टन लागतात. माती आंबट असेल तर पहिला बराचसा चुना ती आंबटपणा मारण्यातच खर्च होतो, आणि आपल्याला तर त्यावर थोडा मोकळा चुना शिल्लक ठेवायचा असतो. म्हणून ५०-६० टन. गव्हासाठी चुना टाकणारा शेजारी दोन-तीन टनांत काम भागवतो, त्याला आपण वेडे वाटतो.

चुना घेताना दोन गोष्टी विचारा. एक, आम्ल मारण्याची ताकद किती टक्के. शुद्ध चुनखडी १०० धरली तर बाजारातला माल ६० पासून ९५ पर्यंत काहीही असतो. ६० चा स्वस्त माल घेतला तर टन वाढतात आणि वाहतुकीत पैसे जातात. दोन, बारीकपणा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तो लवकर लागू पडतो. जाड खडा वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. अर्थात थोडा जाड माल असणं चांगलं, तो पुढं हळूहळू विरघळत सामू टिकवतो.

भाजलेला चुना, म्हणजे कळीचा, वापरू नका. चुनखडीचा एक गुण फार मोलाचा आहे. ती कितीही घातली तरी सामू ८.३-८.४ च्या वर ढकलत नाही. कळीचा चुना मात्र भिजला की १२ पर्यंत नेतो आणि मातीतलं सगळं जिवंत जाळतो. आणि जिप्सम. दर वर्षी कुणीतरी जिप्सम टाकून सामू वाढायची वाट बघत बसतं. जिप्सममध्ये कॅल्शियम आहे, पण त्यानं आंबटपणा जात नाही. चोपण चिकणमाती मोकळी करायला ते उपयोगी, सामूसाठी नाही.

शेवटचं, वाफशावरच पाळी घाला. आम्ही एकदा पाऊस पडून दोन दिवस झाले असताना रोटाव्हेटर घातला. चुना आणि चिकणमातीचे गोळे झाले, लाडूसारखे. आत सामू ५.५, बाहेर ८. ते फुटायला पुढचा उन्हाळा लागला.

वाफसा | ५ मार्च, सकाळी ९:१०

त्या लाडवांवरून रानजाईताईंना सुचवतो. नमुना घेताना एकत्र करून एकच आकडा आणू नका. दहा ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी ० ते १० आणि १० ते २० असे वेगवेगळे थर. सरासरी ७.८ दिसते तेव्हा आत ६ आणि ८.३ असं मिश्रण लपलेलं असू शकतं. शेतावर पडताळायला ढेकूळ फोडून आतल्या बाजूला साध्या आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसलं तर चुना आत पोचला. नाही फसफसलं तर अजून एक पाळी.

डोंगरवाट | ५ मार्च, रात्री ८:३०

नाशिकहून. आमच्या काळ्या रानाचा सामू ८.१, मुक्त चुना भरपूर. म्हणजे तुम्ही लाखो रुपये ओतून जे करताय ते आमच्याकडे फुकट आहे! मग ट्रफल इथं का नाही? मी मनापासून विचारतोय, द्राक्षाला पर्याय शोधतोय.

वाफसा | ६ मार्च, सकाळी ७:४५

डोंगरवाट, तुमची तळमळ कळते, म्हणून स्पष्ट लिहितो. सामू ही ट्रफलच्या चार-पाच अटींपैकी एक अट. दुसरी म्हणजे मातीची घडण. काळ्या रानात चिकणमाती पन्नास-साठ टक्क्यांपर्यंत जाते. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हातभर भेगा. ट्रफल फळ धरतं ते वरच्या थरात. तिथं भेग पडली की ते वाळतं किंवा तुटतं. त्याला भुसभुशीत, हवा खेळणारी, खडे असलेली माती हवी. मुरमाड हलक्या रानात ती घडण मिळेलही.

पण तिसरी अट हवामान, आणि तिथं वाट बंद होते. फळ पिकायला खरी थंडी लागते. मंजिमपला जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, दुपारी पारा १४-१५ च्या पुढं जात नाही. नाशिकला एप्रिल-मेमध्ये चाळिशी आणि मग चार महिने धो धो पाऊस. ओक-हेझलच तिथं नीट जगणार नाहीत. महाबळेश्वरला थंडी थोडी आहे, पण जांभा, आंबट माती आणि तो पाऊस. कुणी महाराष्ट्रात ट्रफलची रोपं विकायला आलं तर पैसे देऊ नका.

भारतात ट्रफल नाही असं मात्र नाही. ट्युबर इंडिकम या जातीचं वर्णन १८९२ मध्ये झालं ते मसुरीच्या नमुन्यावरून. हिमालयात ओकची जंगलं आहेत, तिथं ते निसर्गतः येतं. वासाला फ्रेंच ट्रफलच्या बरंच खाली.

सालवन | ६ मार्च, दुपारी ३:१५

मी रायपूरचा. इथं पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत आणि आमच्या घरी पहिल्या पावसात बस्तरचा बोडा येतोच. झारखंडात त्यालाच रुगडा म्हणतात. सालच्या झाडाखाली, मातीत अर्धवट गाडलेला, सुपारीएवढा. सुरुवातीच्या आठवड्यात मटणापेक्षा महाग. तोही सालच्या मुळांवरच जगतो, वाफसाकाकांनी सांगितलं तसाच बाहेरून आवरण करणारा. फरक असा की त्याला सालवनातली आंबट, लालसर माती चालते. ट्रफलच्या वंशाशी त्याचा संबंध नाही, पण धंदा तोच: झाड, मूळ, माती तिन्ही जुळले तरच. सालचं वन तोडून तिथं दुसरं काही लावलं की बोडा संपला. गोळा करणाऱ्या बायका माती उकरून झाली की पुन्हा सारखी करतात, पाला ओढून ठेवतात. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही.

तुलूझकर | ६ मार्च, रात्री ११:५०

सालवन, सुंदर माहिती. फ्रान्समधली बाजू थोडी सांगतो. तुलूझच्या उत्तरेला लालबेंक नावाचं गाव आहे, हिवाळ्यात दर मंगळवारी दुपारी तिथं ट्रफलचा बाजार भरतो. गावाभोवतीचं पठार पूर्ण चुनखडीचं. पायाखाली माती कमी आणि पांढरे दगड जास्त. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, इथं गवतही कसं उगवतं? पण ट्रफलवाले हे दगड वेचून काढत नाहीत. दगड उन्हात माती झाकतात, ओल धरतात आणि पावसात झिजत चुना सोडत राहतात.

इतिहासातही मातीचाच हात आहे. १८१० च्या सुमाराला प्रोव्हान्समधल्या जोसेफ तालाँ या शेतकऱ्यानं ट्रफल देणाऱ्या ओकखालची फळं दगडाळ रानात पेरली आणि काही वर्षांनी नव्या झाडांखाली ट्रफल सापडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा किडीनं द्राक्षमळे मेले, तेव्हा त्या चुनखडीच्या उतारांवर लोकांनी ओक लावले. द्राक्षवेलीच्या मुळांवर ट्रफलचे स्पर्धक नसतात, म्हणून जमीन जणू स्वच्छ मिळाली. त्यानंतरच्या काळात फ्रान्सचं उत्पादन सर्वांत जास्त होतं. पुढं पहिल्या महायुद्धात गावं ओस पडली, रानं माजली, झाडांची सावली दाट झाली आणि ते ओसरलं.

मेधा_पर्थ | ७ मार्च, सकाळी १०:०५

रानजाई, तुझ्याच भागात आम्ही जमीन बघतोय. दोन पर्याय आहेत. एक, निळ्या निलगिरीची लागवड तोडलेली जमीन, बरीच स्वस्त. दुसरी, जुनी सफरचंदाची बाग, मध्ये काही वर्षं बटाटा घेतलेला. दोन्हीकडे चुना घालावाच लागेल. मग स्वस्त घेतलेली काय वाईट?

रानजाई | ७ मार्च, दुपारी १२:३०

मेधा, निलगिरीची घेऊ नकोस. कळकळीनं सांगते. निलगिरीच्या मुळांवरही त्याच प्रकारची कवकं असतात, आणि झाड तोडलं तरी ती उरलेल्या मुळांवर आणि बीजाणूंच्या रूपात मातीत राहतात. आपलं रोप लागलं की ती आयतीच हेझलवर चढतात. शेताच्या कडेला जॅरा किंवा मॅरीचं (ही इथली निलगिरीच्या कुळातली झाडं) जंगल असेल तरी आम्ही पहिली वीस मीटर पट्टी रिकामी ठेवतो. चुना इथं दुहेरी काम करतो. आंबट मातीतली बरीच कवकं ८ च्या सामूला टिकत नाहीत, ट्रफल टिकतं. पण मातीत आधीच भरपूर असतील तर चुना एकटा पुरत नाही.

सफरचंदाची बाग त्या दृष्टीनं चांगली. सफरचंद, गवत, ओट, बटाटा यांच्या मुळांवर ट्रफलचे शत्रू नसतात. मंजिमप तर पिंक लेडी सफरचंदाचं गाव म्हणून मिरवतं, त्यामुळे अशा बागा इथं मिळतात. पण दोन तपासण्या कर. फार जुन्या बागांत शिशाचं आर्सेनेट फवारलेलं असायचं, ते मातीत राहतं. शिसं, आर्सेनिक आणि तांबं तपासून घे. आणि बटाट्याला घातलेलं स्फुरद. स्फुरद भरपूर असेल तर झाडाला कवकाची गरजच उरत नाही, ते त्याला साखर का देईल? आमच्या खड्यांच्या लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, म्हणून तो मुळातच कमी मिळतो. बाकी पिकांना हे वाईट, आपल्याला चांगलं. शेणखत, कोंबडीखत यांचा मोह टाळ. सेंद्रिय भाग ओट गाडून आला तेवढा बास.

कॅनबेराकर | ७ मार्च, संध्याकाळी ५:२०

मेधा, रानजाईच्या सांगण्यात एक भर. चुना किंवा खडी बाहेरून आणताना "डायबॅक (झाडं वाळवणारा मुळांचा रोग) नसलेल्या खाणीतला" हे लेखी घे. तुमच्या भागात जॅराची जंगलं मारणारा फायटॉप्थोरा मातीतून आणि ट्रकच्या चाकांतून पसरतो, आणि एकदा आला की जात नाही. कंत्राटदाराचा नांगर शेतात यायच्या आधी तुमच्या समोर धुवून घ्या. तो कुरकुर करेल. करू दे.

समुद्रकाठची शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू घेणार असाल तर तिचा खारटपणाही तपासा. एक पावसाळा मिळाला तर मीठ धुऊन जातं, म्हणून पुन्हा तेच: चुना आणि लावणी यांच्यात निदान एक पावसाळा.

मेधा_पर्थ | १४ मार्च, रात्री ९:१५

अपडेट. निलगिरीची जमीन सोडली. सफरचंदाच्या बागेत आज चार खड्डे घेतले. वर हातभर तपकिरी खडेवाली माती, खाली लाल, मुळं मीटरभर खाली गेलेली दिसली. संध्याकाळी पाणी भरलं, निघताना दोन तासांत निम्मं जिरलं होतं. सामू पाण्यात ६.१, वाफसाकाकांनी सांगितल्याप्रमाणे थराथरानं. खाली ५.७. जड धातूंचा अहवाल यायचा आहे, तो आल्याशिवाय सही करणार नाही. नवरा म्हणतोय या सप्टेंबरात निदान पन्नास रोपं लावून बघू.

रानजाई | १४ मार्च, रात्री ९:४०

पन्नासही नको, मेधा. आमची १२० अशीच "बघू" म्हणून लावलेली होती. या वर्षी चुना, पाळी आणि ओट. रोपांची मागणी मात्र आत्ताच नोंदवून ठेव, चांगल्या रोपवाटिकेत वर्षभर आधी सांगावं लागतं, आणि रोपं घेताना मुळांच्या तपासणीचा दाखला माग. आमचा तिसरा तुकडा पुढच्या शनिवारी फाडायला घेतोय, माती कोरडी आहे तोवर. दोघं या बघायला. पहिल्या तुकड्यातली ती पिवळी हेझलही दाखवते आणि दुसऱ्या तुकड्यातलं एक ढेकूळ फोडून आम्लाचे थेंबही टाकू.